बाबा कुठल्या देवाचे

फाओफी २९

दादा आला. कलश घेऊन.

दुपारी कालव्यावर नावेतून उतरला आणि थेट दारात. कलश छातीशी धरलेला. काळा, गळ्याभोवती पानांची नक्षी. अलेक्झांड्रियात माणसाला जाळल्यावर राख अशा कलशात भरतात. अपोलोफानेस नाव त्याचं. बाबांच्या पहिल्या बायकोचा मुलगा. ती तिथली ग्रीक. ती गेल्यावर बाबांना इकडे सरोवराच्या प्रांतात शिपाईगिरीच्या बदल्यात जमीन मिळाली, मग आई, मग मी. दादा तिकडेच मामांकडे वाढला. मी त्याला याआधी पाहिला तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते.

दादा ग्रीक बोलतो. आई इथली इजिप्तची, तिला ग्रीक येत नाही. ‘ये’, ‘जेव’, ‘केवढ्याला’ इतकंच. म्हणून मध्ये मी.

आईने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. "बाप गेला आणि हा केस कापून आलाय. वरातीला निघाल्यासारखा."

मी दादाला म्हटलं, "आई विचारते, प्रवास नीट झाला ना."

(त्यांच्यात दुखवट्यात केस कापतात, आमच्यात वाढवतात. हे आईला नंतर सांगितलं. "म्हणजे सगळंच उलटं," म्हणाली.)

दादा म्हणाला, "बाबांना न्यायला आलोय. माझ्या आईशेजारी जागा राखून ठेवली आहे. दहन करू, राख मी नेईन."

आई म्हणाली, "त्याला सांग, बाप पेतेसूखोसकडे खारात आहे, देह टिकवायला. सत्तर दिवस लागतात, निम्मेसुद्धा झाले नाहीत. तो काय खारवलेला मासा आहे, लागेल तेव्हा बरणीतून काढायला?"

मी म्हटलं, "आई म्हणते, थोडं थांबावं लागेल."

दादाला ठसका लागला. पाणी दिलं.

दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं माझ्या तोंडातून ये-जा करत राहिली. म्हणून हे लिहायला घेतलं. बाबांच्या जुन्या पपायरसांची मागची बाजू कोरी आहे. अक्षरं त्यांनीच शिकवली. इथे तरी माझं मी बोलेन.

फाओफी ३०

आईने कलश घरात येऊ दिला नाही. बाहेर ओट्यावर ठेवलाय. त्यावर कोंबडी बसते. दादा उठून हाकलतो, ती परत बसते.

हाथीर २

पेतेसूखोसकाकांकडे गेलो, दादा आणि मी. गावाबाहेर, शेतं संपून वाळू लागते तिथे त्यांची मांडवाची जागा. मेलेल्यांना वर्षानुवर्षं टिकवायचं काम त्यांच्या घराण्याचं. मंत्रही तेच म्हणतात. हातांना कायम खाराचा आणि राळेचा वास. लहान मुलं त्यांना पाहून पळतात, ते मात्र कनवटीला खजूर ठेवतात.

दादा आत गेला नाही. दारातच उभं राहून म्हणाला, "यांचं नाव काय म्हणालीस?"

"पेतेसूखोस. ‘पेते’ म्हणजे दिलेला. सूखोस देवाने दिलेला."

"सूखोस म्हणजे तळ्यातली ती मगर ना? म्हणजे मगरीने दिलेला." आणि हसला.

काकांना हसण्याचं कारण सांगावं लागलं. मी कितीही गुळगुळीत करून सांगितलं तरी ते ओळखलंच त्यांनी. म्हणाले, "यांच्या वडिलांचं नाव दिओनिसोदोरोस. त्याचा अर्थ काय गं पोरी?"

"दिओनिसोसने दिलेला."

"म्हणजे दारूच्या देवाने. मला मगरीने दिलं, त्यांना दारूने. माझी निदान शुद्धीत असते."

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. दादाचे कान लाल झाले.

मग काका गंभीर झाले. विचारलं, "तुमचे वडील कुठल्या देवाचे होते?"

"दिओनिसोसचे," दादा म्हणाला. "आयुष्यभर."

"मग बरोबर जागी आहेत. तुमचा दिओनिसोस तोच आमचा ओसिरिस."

"वेलींचा मुकुट घालून नाचणारा देव आणि तुमचा तो निजलेला मेलेला राजा? एक कसे?"

"तुमच्या देवाला लहानपणी दैत्यांनी फाडला ना?"

"हो."

"आमच्याला भावाने फाडला. तुमच्याकडे तुकडे कुणी गोळा केले?"

दादा म्हणाला, "कुणी म्हणतात धान्यदेवी देमेतेरने."

"आमच्याकडे त्याच्या बायकोने, इसिसने. बाईलाच करावं लागतं ते." काका हात पुसत म्हणाले, "आता यांना मध्येच बाहेर काढलं, तर मीही फाडणाऱ्यातलाच झालो. मी नाही काढणार. तुम्ही सरकारातून शिपाई आणा, मग ते काढतील. पण हात त्यांचे."



हाथीर ३

कालच्या बोलण्यात एक गोष्ट ध्यानात आली आणि डोक्यातून जात नाही.

काका ‘ओसिरिस’ म्हणतात तेव्हा मी दादाला ‘दिओनिसोस’ म्हणून सांगते. इथे सगळे असंच करतात. मुकाट्याने, विचार न करता. पण दादाला ऐकू येतात झांजा आणि द्राक्षं. काकांना दिसतो हिरव्या तोंडाचा राजा, कापडात गुंडाळलेला. मी फक्त शब्द बदलते की मध्येच देव बदलते?

भाकरीचंही तसंच. आईची भाकरी चपटी, चुलीच्या भिंतीवर थापलेली. दादाची फुगलेली, भट्टीतली. दोघांना मी ‘भाकरी’च म्हणून सांगते. पोट दोन्हींनी भरतं हे खरं.

आणि माझंही तेच की. बाबा मला देमेत्रिया म्हणायचे, आई ताएसिस म्हणते. देमेतेरची ती देमेत्रिया, इसिसची ती ताएसिस. हाका दोन, ओ देणारी मी एकच. देवाचंही असंच असेल का? की दोघं वेगळे देव आहेत आणि शेजारी राहून राहून एकमेकांच्या हाकेला ओ द्यायला शिकलेत?

आईला विचारलं. म्हणाली, "कांदे चीर."

हाथीर ५

थ्रासोनआजोबांना विचारून आले. बाबांबरोबर घोडदळात होते, आता एक पाय ओढत चालतात. दिओनिसोसच्या मंडळाचे तेच म्हातारे प्रमुख. महिन्यातून एकदा पाच-सहा जण वेली डोक्याला बांधून पितात, त्याला ते पूजा म्हणतात.

"देव एक की दोन ते मला विचारू नकोस," म्हणाले. "पेला रिकामा नसला की झालं. पण तुझा भाऊ बरोबर बोलतोय. ग्रीक माणसाचं पोट फाडायचं म्हणजे काय? माझ्या अंगाला त्या मगरवाल्याने हात लावला तर मी उठून बसेन."

मग बाबांचं सांगत बसले. "तुझा बाप आमच्यात असून नसल्यासारखा. आम्ही नाचायचो. हा पहिला पेला जमिनीवर ओतायचा, आणि ती वाइन जिरेपर्यंत बघत उभा. आम्ही म्हणायचो, हा पूजेला आलाय की मयताला?"

मला हे माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात बाबा वेल बांधून मनसोक्त नाचायचे. मीच नाचवलं होतं त्यांना इतकी वर्षं.

हाथीर ९

दादा वाईट नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण उद्या राग येईल.

आज ओट्यावर बसून त्याच्या आईचं सांगितलं. ती गेली तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा. बाबांनी त्याला शेजारची मोकळी जागा दाखवली होती, "ही माझी" म्हणाले होते. मग इकडे आले आणि ती जागा मोकळीच राहिली. "दर वर्षी तिथे जातो. लोक विचारतात, वडील कुठे?"

"कुठले लोक?"

"लोक. मामाकडचे. आखाड्यातले. बाप कुठे पुरला, कुठल्या गावचा, कोणाचा कोण. तिकडे हे सगळं विचारतात."

"मग सांग ना, सरोवराकाठी आहे म्हणून."

"आतडी काढून, पट्ट्या गुंडाळून? तुला नाही समजायचं, देमेत्रिया." आवाज चढला नव्हता. थकला होता.

आत आई डाळ शिजवत होती. पाठमोरीच पुटपुटली, "उतू चाललं वाटतं, मेलं." मी उठेपर्यंत दादाने आत जाऊन भांडं चुलीवरून खाली घेतलं होतं. वास आला असेल.

हाथीर १७

गंमत झाली आज.

दादाच्या गाठोड्यात एक छोटी मूर्ती आहे. सारापिस. दाट दाढी, दाट केस, डोक्यावर धान्य मोजायचं माप. अलेक्झांड्रियात याचं मोठं देऊळ आहे. दादा उठता-बसता त्याची शपथ घेतो. आज त्याने मूर्ती पुसायला बाहेर काढली आणि आईने पाहिली.

हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. "हा तर मेम्फिसचा ओसिरिस-हापी. पवित्र बैल मेला की तो ओसिरिस होतो, तो हा. माझी आजी त्याच्या देवळात झाडायला जायची." मग डोळ्यांजवळ नेऊन, "याला दाढी कुणी चिकटवली?"

मी दादाला म्हटलं, "आई म्हणते, सुंदर आहे."

दादा म्हणाला, "त्यांना सांग, मला एकदा महिनाभर ताप होता. वैद्यांनी हात टेकले. याच्या देवळात झोपलो, स्वप्नात आला, उतरला ताप."

सांगितलं. आईने मूर्तीच्या दाढीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ताप उतरवला म्हणतो, म्हणजे खराच असणार. दाढीला काय धरून बसायचं."

कोनाड्यात आमची इसिस आहे, मांडीवर बाळ घेतलेली. आईने सारापिस तिच्या शेजारी ठेवला. दोघांपुढे भाकरीचा तुकडा ठेवला, एकच, मधोमध.

मी दादाला विचारलं, "पण हा जुना देव की नवा?"

"देवाला नवा म्हणतात का कुणी?" म्हणाला. मग थोड्या वेळाने, "माझ्या लहानपणी म्हातारे हसायचे त्याला. म्हणायचे, राजाने बनवलेला देव. आता तेच नवस बोलतात."

म्हणजे देव बनतो तरी कसा? कुणीतरी म्हणतं, हे दोघं एकच. लोक हसतात. मग एकाचा ताप उतरतो.

हाथीर २४

वारा. वाळू. आई चुलीकडे तोंड करून रडली, दादा ओट्यावर. मी दोघांना पाणी नेऊन दिलं. सांगायला काही नव्हतं, कुणालाच.

खोइआक १

दादा गेला. तालुक्याच्या गावी, ग्रीकांच्या न्यायाधीशाकडे अर्ज द्यायला. बाबांचं शरीर ताब्यात मिळावं म्हणून. सकाळी सांगितलं आणि निघाला. डोळ्याला डोळा भिडवला नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती खालीच बसली. "अर्धं केलेलं माणूस नेणार तो. ना इकडचा ना तिकडचा. तिकडे गेल्यावर याला कोण ओळखेल? कुठे शोधू मी त्याला?"

आईला मरणानंतरची गोष्ट शेजारच्या गावासारखी आहे. बाबा पुढे गेलेत, घर बघून ठेवतील, ही मागाहून जाणार. ते जाळले, तर तिला तिथे दार उघडायला कुणी नाही. हे मी दादाला आजवर एकदाही नीट सांगितलं नाही. मी ‘थोडं थांबावं लागेल’ म्हणत राहिले.

खोइआक २

पेतेसूखोसकाका आले होते. बातमी गावभर झालीच आहे.

म्हणाले, शिपाई आले तर येऊ देत. नाही आले तर दुसरी अडचण. थडग्याच्या दारात मुलाने वाकस, सुताराचं तासायचं हत्यार, बापाच्या ओठांना लावून त्याचं तोंड उघडायचं असतं आणि त्याचं नाव घ्यायचं असतं. होरसने आपल्या बापासाठी, ओसिरिससाठी, केलं तसं. मुलगा नसला तर ते स्वतः उभे राहतात. "पण मुलगा असताना मी उभा राहिलो, तर ते बरं नाही. आणि नाव तर बघ. अपोलोफानेस. अपोलो म्हणजे आमचा होरसच की. बापाने होरसच्याच नावाचा मुलगा ठेवून दिलाय, आणि तो अर्ज करत फिरतोय."

आई म्हणाली, "त्याच्यापुढे हात जोडण्याआधी माझी जीभ झडो."

काका गेल्यावर बराच वेळ डाळ निवडत बसली. निवडलेलीच परत निवडत होती.

खोइआक ६

दादा परत आला. एकटा. शिपाई नाहीत.

"काय झालं?"

"नाही दिला अर्ज."

"का?"

"कारकुनाने फार विचारलं. वडिलांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, मूळ गाव, साक्षीदार कोण." सँडलचा बंद सोडत होता, वर पाहिलंच नाही. "कंटाळा आला. नाईल नदीत टाकून दिला."

तालुक्याच्या गावाजवळ नाईल नाही, कालवा आहे. 

आई आतून आली. त्याच्यासमोर उभी राहिली. मला म्हणाली, "सांग त्याला. आणि आज मध घालू नकोस. मला ठाऊक आहे तू घालतेस."

मी एक शब्द बदलला नाही. आई म्हणाली ते असं: "तू माझा नाहीस. तुला जवळ करावं असं मला कधी वाटलं नाही. तू आलास तेव्हा तुझ्या हातातलं ते मडकं फोडावंसं वाटलं होतं. पण तुझ्या बापाला तोंड नसेल तर तो तिकडे बोलणार कसा? मला मुलगा नाही. त्याला आहे. तू उभा राहा."

दादाने सगळं ऐकून घेतलं. मी सांगायला लागले त्याच्या आधीच त्याचे डोळे भरले होते. माणसाचा चेहरा बघूनही कळतं म्हणा.

"मंत्र मला येत नाहीत," तो म्हणाला.

"मंत्र पेतेसूखोस म्हणेल," आई म्हणाली. "याने फक्त नाव घ्यायचं."

दादाने सुटलेला सँडलचा बंद परत बांधला. "तेच तर," म्हणाला. मग, "विचार करतो."

खोइआक १२

ओसिरिसचा सण सुरू. बायकांनी देवळाच्या अंगणात बसून चिखल मळला. साच्यात चिखल, त्यात सातूचे दाणे, वरून कापड. निजलेला ओसिरिस. रोज पाणी घालायचं, मग तो उगवतो. आम्ही घरीही छोटा केला.

दादा उंबऱ्यात बसून बघत होता. "आमच्याकडे बायका मेलेल्या अदोनिस देवासाठी कुंड्या लावतात. उगवतं, मग वाळतं. मग रडतात."

"आमच्याकडे आधी रडतात, मग उगवतं," मी म्हटलं.

तो हसला. पहिल्यांदाच मोकळा हसला. हसताना बाबांसारखा दिसतो. खालचा ओठ तसाच दुमडतो.

त्याला विचारलं, "दादा, तुला खरंच काय वाटतं? दिओनिसोस आणि ओसिरिस एकच?"

"बाबांना वाटायचं."

"तुला कधी म्हणाले?"

"म्हणायला कशाला लागतं," म्हणाला, आणि उठून गेला.

खोइआक १६

सकाळी उठले तर अंगणात दादा. ओंजळीने चिखलाच्या ओसिरिसला पाणी घालत होता. थेंब थेंब, छातीपासून पायापर्यंत. सवय असल्यासारखा.

कोंब आलेत. हिरवे, सुईएवढे.

आईनेही पाहिलं.  न्याहारीला त्याच्या वाटीत अंजीर जास्त होतं.

खोइआक २०

दादा ‘हो’ म्हणाला. अट एकच. बाबांच्या छातीवर, पट्ट्यांच्या आत, दिओनिसोसची वेल ठेवायची. थ्रासोनआजोबांनी आपल्या अंगणातली कापून दिली. "माझ्या वेळी मात्र जाळा," बजावून सांगितलं.

मी भीत भीत काकांना विचारलं, चालेल का.

"हिरवं आहे ना?" म्हणाले. "मग चालेल. ओसिरिसला हिरवं आवडतं."

दादाने अलेक्झांड्रियाला निरोप पाठवलाय. त्याच्या आईशेजारच्या जागेवर नुसता दगड उभारतील, बाबांच्या ग्रीक नावाचा. आईला सांगितलं, वाटलं चिडेल. म्हणाली, "तिचंही माणूस होतं ते."

खोइआक २३

आज बाबांना ठेवलं.

थडग्याच्या दारात उभे केले त्यांना, तोंड दक्षिणेला. काका मंत्र म्हणत होते. दादाने वाकस ओठांना लावला. काका म्हणाले, "आता नाव. त्यांच्या आईने त्यांना ज्या नावाने हाक मारली ते." मी ग्रीकमध्ये सांगायला तोंड उघडलं.

दादा थांबलाच नाही. आईच्या भाषेत, एकही अक्षर न अडखळता म्हणाला, "पेतोसिरिस, मेम्फिसच्या हार्माखिसचा मुलगा. बाबा, उठा."

ओसिरिसने दिलेला.

आईच्या हातातलं पाण्याचं भांडं खाली पडलं. तिने नावाला मान हलवली. तेवढ्यावरून मला कळलं, तिला ते आधीपासून माहीत होतं. धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"तुला येते आमची भाषा?"

"बाबा दार लावून माझ्याशी हीच बोलायचे. बाहेर ग्रीक. ग्रीक म्हणून सैन्यात नाव लागलं होतं, म्हणाले, कुणाला सांगू नकोस. मला वाटलं, तुम्हालाही सांगितलं नसेल."

"मला वाटलं, तुला कळलं तर तुझं तिकडे काय होईल. म्हणून मी गप्प."

"म्हणून तर जाळून न्यायला आलो होतो. राखेला कुणी गाव विचारत नाही."

आईने पदराने त्याचं तोंड पुसलं. मग दोघं बोलत राहिले, भरभर, एकमेकांचं वाक्य तोडत, थडग्याच्या दारातच.

मी मध्ये उभी होते. मग जरा बाजूला झाले.